चिपची नक्कल आणि मामाची ढोलकी

‘ईप्रॉम’ हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकतो मायक्रोप्रोसेसरच्या तासाला, आणि विसरतो ओरल देऊन बाहेर पडताना. ओरलचा प्रश्न ठरलेला असतो, “ईप्रॉम कशाने पुसतात?” उत्तरही ठरलेलं, “सर, यूव्ही लाइटने.” त्याच्या पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारला नाही. तो प्रश्न असा, की पुसण्याआधी काय करायचं? त्याचं उत्तर मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शिकलो आणि त्याची फी माझ्या मामाने भरली.

मामा पूर्वी परळला राहायचा आणि ऑर्केस्ट्रात रिदम वाजवायचा. त्याच्याकडे एक जुनं ड्रम मशीन आहे, ओबरहाइम या अमेरिकन कंपनीचं डीएमएक्स. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं हे मॉडेल. ‘न्यू ऑर्डर’ या इंग्लिश बँडचं १९८३ चं ‘ब्लू मंडे’ हे गाणं कोणी ऐकलं असेल, तर त्यातला दणदणीत बेस ड्रम याच मशीनचा. मामाने ते १९८८ मध्ये सेकंडहँड घेतलं. आता मामा रिटायर होऊन गावी आलाय. सुट्टीत गेलो तेव्हा म्हणाला, “इलेक्ट्रॉनिक्स शिकतोस ना? मग हे बघ. पर्कशनची दोन कार्डं नुसती फुरफुरतात.” मी मोठ्या रुबाबात मशीन कॉलेजवर घेऊन आलो. हॉस्टेलच्या खोलीत कॉटखाली ठेवलं आणि कामाला लागलो. ते काम म्हणजे नक्कल केलेल्या साउंड चिपा विकत घेणं. त्यात मी ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख.

मशीनच्या पोटात काय असतं?

आधी एक घोटाळा दूर करू. सगळ्याच जुन्या इलेक्ट्रॉनिक ड्रमात आवाजाची चिप नसते. रोलँडच्या टीआर-८०८ मध्ये ठोका ‘साठवलेला’ नसतोच. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि ऑसिलेटर मिळून तो दर वेळी नव्याने तयार करतात. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जो प्रसिद्ध अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्यात हेच ८०८ वापरलंय. म्हणजे उद्या कोणी तुम्हाला ‘८०८ च्या मूळ ठोक्यांची ईप्रॉम’ विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पुढच्या टीआर-९०९ मध्ये झांजा आणि हाय-हॅट तेवढे साठवलेले आहेत, बाकीचे आवाज अ‍ॅनालॉग.

साठवलेल्या खऱ्या ड्रमचा जमाना सुरू केला रॉजर लिन यांनी. त्यांचं एलएम-१ हे मशीन १९८० मध्ये आलं. खरा ड्रमर ड्रम वाजवतो, त्याचं डिजिटल ध्वनिमुद्रण चिपमध्ये भरायचं आणि बटण दाबलं की तेच वाजवायचं, अशी कल्पना. एलएम-१ मधले बरेचसे ठोके लॉस एंजेलिसच्या आर्ट वुड या ड्रमरच्या हातचे आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे उपयोगी पडणार आहे: चिपमध्ये नुसते बिट नसतात, कोणाचा तरी हात असतो.

डीएमएक्स त्याच जातीचं. त्यात आवाजांची वेगवेगळी कार्डं असतात. कार्डावर ईप्रॉम, तिचे पत्ते एकामागून एक मोजणारा काउंटर आणि शेवटी डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डीएसी. काउंटरचं क्लॉक वाढवलं की ठोका चढतो, कमी केलं की उतरतो. एवढं साधं.

आता जरा गणित करू. २७३२ ही ईप्रॉम ३२ किलोबिटची, म्हणजे ४०९६ बाइटची. सेकंदाला २४,००० नमुने वाजवले, तर ४०९६ भागिले २४,००० म्हणजे साधारण ०.१७ सेकंद. बस्स! एवढ्यात ठोका बसवायचा. म्हणून तर या मशीनचे आवाज तुटक आणि कडक. मेमरी महाग होती, त्यामुळे शेपूट कापावीच लागे. आज त्याच कापलेल्या शेपटीला लोक ‘व्हिंटेज साउंड’ म्हणतात.

दुसरी गंमत डीएसीची. सरळ ८ बिटमध्ये ठोका भरला, तर हळू होत जाणाऱ्या भागात खरखर ऐकू येते. म्हणून या मशीनांनी टेलिफोनवाल्यांची युक्ती उचलली, म्हणजेच कंपँडिंग. ८ बिटपैकी १ बिट चिन्हाचा, ३ बिट कोणत्या टप्प्यात आहोत त्याचे आणि ४ बिट त्या टप्प्यातल्या पायरीचे. लहान आवाजाला बारीक पायऱ्या, मोठ्या आवाजाला ढोबळ. डिजिटल कम्युनिकेशनच्या पेपरला म्यू-लॉ आणि ए-लॉ यांचा फरक आपण पाठ करतो ना, तेच हे! अमेरिका आणि जपान म्यू-लॉवाले, युरोप आणि आपण ए-लॉवाले. डीएमएक्स अमेरिकन, त्यामुळे त्याचा डीएसी म्यू-लॉ वळणाचा. ८ बिटमध्ये जवळपास १२ बिटची रेंज मिळते. मी हे पेपरात लिहून मार्क मिळवले होते. प्रत्यक्षात मात्र वेळेवर आठवलं नाही.

चिप म्हातारी कशी होते?

ईप्रॉम इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी शोधली, १९७१ साली. आत प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर, आणि त्यात चहूबाजूंनी इन्सुलेशनने वेढलेलं एक तरंगतं गेट. प्रोग्रॅम करताना जास्त व्होल्टेज देऊन त्या गेटवर इलेक्ट्रॉन ढकलायचे. ते तिथे अडकून बसतात. इलेक्ट्रॉन अडकले की ट्रान्झिस्टर सहजी चालू होत नाही, तो झाला ‘०’. रिकामा असेल तर ‘१’. म्हणून कोरी ईप्रॉम वाचली की सगळीकडे एफएफ, एफएफ, एफएफ दिसतं.

यूव्ही प्रकाश त्या इलेक्ट्रॉनना बाहेर पडायची ताकद देतो. वरची काचेची खिडकी त्यासाठीच. इरेझरच्या दिव्याखाली १५-२० मिनिटांत चिप साफ होते. पण इंटेलच्या डेटाशीटमध्ये आणखी एक वाक्य असतं, जे आपण कोणी वाचत नाही: थेट उन्हात ठेवली तर साधारण आठवड्यात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सतत उघडी ठेवली तर साधारण ३ वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. खिडकीवरचं स्टिकर शोभेसाठी नसतं, मंडळी!

शिवाय प्रोग्रॅम करतानाच कमी व्होल्टेज मिळालं असेल, तर इलेक्ट्रॉन कमी बसतात आणि काही वर्षांत ‘०’ चे ‘१’ व्हायला लागतात. एकदम नाही. आज एक बिट, उद्या दोन. एकच बिट कधी ० तर कधी १ वाचला जातो. स्पीकरमधून ऐकू येते फुरफुर.

माझी खरेदी

मी काय केलं? कार्ड काढलं, चिप पाहिली. २७३२, स्टिकर गळून पडलेलं, खिडकी उघडी. निदान झालं: चिप गेली. लगेच परदेशातल्या एका विक्रेत्याकडून पर्कशनच्या दोन नक्कल केलेल्या चिपा मागवल्या. टपालखर्च धरून साडेचार हजार रुपये. दोन महिन्यांचा मेसचा हिशेब बिघडला.

पाकीट आलं. पहिली चिप बसवली, मशीन चालू केलं. ठोक्याचा पहिला अर्धा भाग वाजला आणि पुन्हा तोच अर्धा भाग वाजला. अडखळणाऱ्या माणसासारखा. चिपवरचं नवं लेबल सोलून काढलं, तर खाली छापलेलं: २५३२. आता २५३२ आणि २७३२ दोन्ही ४ केबीच्या, दोन्ही २४ पायांच्या, दिसायला जुळ्या बहिणी. पण २७३२ मध्ये ए-११ ही पत्त्याची ओळ २१ नंबरच्या पायावर असते आणि २५३२ मध्ये ती १८ नंबरच्या पायावर. २७३२ च्या सॉकेटमध्ये १८ वर असतो चिप एनेबल. म्हणजे चिपला वरचा अर्धा पत्ता कळतच नाही. डेटा शंभर टक्के बरोबर, चिपही चांगली, तरी आवाज चूक.

दुसरी चिप खरी २७३२ होती. ती वाजवली आणि जाळीच्या दारातून शेजारच्या खोलीतला रूमपार्टनर धावत आला. त्याला वाटलं, मेसमध्ये कुकर उडाला. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज! दोन तास सोल्डरिंग तपासण्यात घालवले. मग बाइट काढून ग्राफ काढला, तेव्हा कळलं की विक्रेत्याने साध्या सरळ ८ बिटमधला आवाज भरलाय. डीएसी त्याला म्यू-लॉ समजून वाजवत होता. ते चुकीच्या लिपीत पत्र वाचल्यासारखं झालं.

मी म्हटलं, ठीक आहे, आपण इंजिनिअर आहोत! पहिल्या चिपमधला डेटा वाचून घेतला. तो खऱ्या २७३२ वर लिहायचा होता. कोरी २७३२ जवळ नव्हती. मामाच्या कार्डातून काढलेली ‘खराब’ चिप मात्र होती. ती एकदा वाचून पाहिली, स्क्रीनवर कचरा दिसला. पुढचं वाचन मी त्याच नावाच्या फाइलवर सेव्ह केलं. मग चिप यूव्ही इरेझरमध्ये २० मिनिटं ठेवली. लॅबच्या कपाटात जुना प्रोग्रॅमर होता, २५ व्होल्ट देणारा. त्यावर नवा डेटा लिहिला. कार्ड बसवलं. आवाज एकदम खणखणीत! त्या रात्री मी अख्ख्या विंगला जागं ठेवलं.

रविवारी मामा भेटायला आला. मी मोठ्या झोकात बटण दाबलं. मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, “हे छान आहे रे. पण ढोलकी कुठंय?”

“कुठली ढोलकी?”

तेव्हा कळलं. १९८९ मध्ये मामाच्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याचे दोन ठोके एका स्टुडिओतल्या टेक्निशियनने घरगुती सर्किटवर चिपांमध्ये भरून दिले होते. एका चिपमध्ये घुमारा, दुसरीत शाईच्या बाजूचा कडक ठोका. पर्कशनच्या दोन कार्डांवर कंपनीच्या चिपा काढून त्याच बसवल्या होत्या. ढोलकीवाला नसेल त्या कार्यक्रमाला मामा त्याचा हात मशीनवर वाजवायचा. तो माणूस २००४ मध्ये गेला. कॅसेट वगैरे काही उरलेली नव्हती.

घुमारा मी २० मिनिटांत पुसला होता. स्वतःच्या हाताने, टायमर लावून.

मामा रागावला नाही, हेच वाईट. “तुला काय माहीत,” एवढंच म्हणाला आणि मेसचा चहा न पिताच बसस्टँडवर गेला.

दुसरी चिप

कडक ठोक्याची चिप फोमवर तशीच टोचून ठेवलेली होती. तीही दुसऱ्या दिवशी पुसायची होती. ती मी पहिल्यांदा काळ्या टेपने झाकली. मग आमच्या लॅबच्या सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ओरडा खाल्ला. मग सरांनी एकच प्रश्न विचारला, “वाचताना ट्रान्झिस्टरच्या गेटला किती व्होल्ट मिळतात?”

विचार करा. वाचताना निवडलेल्या गेटला सप्लायइतकंच व्होल्टेज मिळतं. ‘०’ असलेला ट्रान्झिस्टर ५ व्होल्टलाही बंद राहायला हवा. पण इलेक्ट्रॉन गळाल्यामुळे त्याचा थ्रेशोल्ड उतरलाय, म्हणून ५ व्होल्टला तो अर्धवट चालू होतो आणि ‘१’ वाचला जातो. मग सप्लायच कमी केला तर? तो पुन्हा बंद राहील आणि ‘०’ दिसेल! तोही प्रोग्रॅमरमध्ये नाही, कारण तिथे ५ व्होल्ट ठरलेले. म्हणून ब्रेडबोर्डवर एलएम-३१७ चा बदलता सप्लाय, पत्त्यांसाठी ४०४० काउंटर आणि वाचायला एक मायक्रोकंट्रोलर असं जुगाड केलं.

५ व्होल्टला दहा वेळा वाचलं, दहा वेगळे चेकसम आले. ४.८ ला फरक कमी झाला. ४.५ ला दोनच वेगळे. ४.२ ला दहाच्या दहा सारखे! ४ च्या खाली गेल्यावर चिपने सगळंच बोलणं सोडलं. मग ४.५ आणि ४.२ ची सगळी वाचनं घेऊन बिटनिहाय ‘अँड’ केला. गळती ‘०’ चा ‘१’ करते, उलटं करत नाही. म्हणजे जो बिट एकदाही ० वाचला गेला, तो मुळात ० च असणार. फाइल ग्राफवर टाकली तर ठोक्याची सुरेख उतरती लाट दिसली.

नव्या २७३२ वर ती लिहिली आणि कार्डात बसवली. मामाला फोन लावला, मोबाइल स्पीकरजवळ धरला आणि बटण दाबलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग मामा म्हणाला, “परत वाजव.”

घेण्यापूर्वी

माझ्या चुकांचा हा अर्क. भिंतीवर लावा.

१) आधी जुनी चिप वाचा, मग पाकिटाला हात घाला. निदान तीन वेळा वाचा, तीन वेगळ्या नावांनी सेव्ह करा, बाइट न् बाइट ताडून बघा. नुसत्या चेकसमवर विसंबू नका. बाइटची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते.

२) चिपचा पूर्ण नंबर विचारा. २७३२ की २५३२? २७३२ की २७३२ए? साध्या २७३२ ला प्रोग्रॅम करताना २५ व्होल्ट लागतात, ‘ए’ ला २१. ‘ए’ ला २५ दिलेत तर ती मरते.

३) विक्रेत्याने कशावर लिहिली ते विचारा. आजचे बरेचसे स्वस्त यूएसबी प्रोग्रॅमर २५ व्होल्ट देत नाहीत. कमी व्होल्टेजवर लिहिलेली चिप आज चालेल, पण किती वर्षं हा प्रश्न उरतोच.

४) ‘नवी’ या शब्दाला भुलू नका. २७३२ चं उत्पादन कधीच बंद झालंय. बाजारात मिळतात त्या बहुतेक जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या, पॉलिश केलेल्या आणि कधी वर नवीन नंबर छापलेल्या. लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, पायांवर जुनं सोल्डर आणि वरच्या बाजूला घासल्याच्या खुणा बघून घ्या. घरी आणून आधी पूर्ण पुसा, एफएफ तपासा, मगच लिहा.

५) डेटा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा. सरळ की कंपँडेड? कोणत्या मशीनसाठी? एका मशीनची चिप दुसऱ्यात पायाला पाय जुळून बसते म्हणून ती नीट वाजेलच असं नाही.

६) चिपला दोष देण्याआधी कार्ड तपासा. चालणाऱ्या कार्डावरची चिप इकडे आणि इकडची तिकडे लावून बघा. सॉकेटचे काळे पडलेले पाय आणि बोर्डावर गळलेली मेमरी बॅटरी यांनीही अशीच लक्षणं दिसतात.

७) खिडकी झाका, तारीख लिहा. चिपमध्ये कोणाचा आणि कोणता आवाज आहे, तेही लिहा. आणि हो, इरेझरचा दिवा उघड्या डोळ्यांनी बघू नका.

नक्कल करणं योग्य की अयोग्य?

हा प्रश्न खोलीत रात्री दोनपर्यंत चालला. कायद्याचं मला कळलं ते थोडक्यात असं. चिपच्या सिलिकॉनवरच्या आराखड्यासाठी आपल्याकडे २००० सालचा सेमीकंडक्टर ले-आउट डिझाइन कायदा आहे, त्यात नोंदणीचं संरक्षण १० वर्षांचं. पण ईप्रॉमची नक्कल करताना आराखडा कोणी कॉपी करत नाही, आतलं ध्वनिमुद्रण करतो. त्याला लागतो १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनापासून ६० वर्षांचं. म्हणजे १९८० च्या दशकातले ठोके ‘जुने झाले, आता सगळ्यांचे’ असं समजू नका. स्वतःचं मशीन जिवंत ठेवायला केलेली प्रत आणि शंभर प्रती करून मांडलेला धंदा, यांत मला तरी मोठा फरक वाटतो. विक्रेत्याला निदान एवढं विचारा, की हा आवाज कुठल्या चिपवरून घेतलाय? ज्याला मूळ माहीत आहे, त्याची नक्कलही सहसा बरी निघते. ज्याला माहीत नाही, तो २५३२ वर नवं लेबल चिकटवतो.

पण माझ्यापुरता धडा वेगळाच आहे. मी नक्कल घ्यायला निघालो, आणि मूळ काय आहे हे बघितलंच नाही. कंपनीचे ठोके जगात हजारो मशीनांत आहेत, आज नाही तर उद्या कुठूनही मिळतील. मामाच्या मशीनमधले दोन ठोके जगात एकाच ठिकाणी होते, आणि नेमक्या त्यांची नक्कल कोणी करून ठेवली नव्हती. नक्कल वाईट नसते हो. ती वेळेवर न केलेली वाईट.

मशीन आता परत मामाकडे आहे. एका कार्डावर ढोलकीचा कडक ठोका आणि दुसऱ्यावर मी लिहिलेली कंपनीची चिप. ते दुसरं बटण मामा वापरत नाही. ठोक्याच्या फाइलच्या प्रती आता पाच ठिकाणी आहेत, त्यातली एक लॅबच्या पीसीवर, सरांच्या परवानगीने. कोणाच्या घरी माळ्यावर असं काही जुनं वाद्य पडलं असेल, तर सुट्टीत घेऊन या. ब्रेडबोर्डवरचं जुगाड मी अजून मोडलेलं नाही. आधी वाचू, मग बोलू.